मुलाखतीला निघण्याआधी

सोलापूर, रविवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

यूपीएससीच्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा पहिली टाकलीस, हे आक्काकडून कळलं. असो. त्यावर लिहायचं नाही, असं ठरवलंय. मुलाखतीचं लिहितो.

सोलापूरची म्हटल्यावर डॉ. कोटणीसांबद्दल विचारतीलच. १९३८ मध्ये ते धरून पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेले, ते काँग्रेसने पाठवलेले. देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. म्हणजे आपल्याकडे मूल्य आधी आलं, परराष्ट्र खातं मागाहून. एवढं बोल. चौघे परत आले, कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. हे कुणी विचारणार नाही, मीच लिहून बसलो.

पंचशील पाठ म्हणून दाखवू नकोस. १९५४ चा चीनबरोबरचा करार मुळात तिबेटशी व्यापाराचा नि यात्रेचा. पंचशीलाची, म्हणजे शांततेने शेजारी नांदण्याची, पाच तत्त्वं त्याच्या प्रस्तावनेत. तिबेटातल्या यातुंग-ग्यांत्सेची आपली लष्करी तुकडी आपण काढून घेतली, तार-टपाल सोपवलं, पण सीमा लिहून घेतली नाही. करारात खिंडींची नावं आली म्हणजे सीमा ठरलीच, असं धरून चाललो. मुदत आठ वर्षांची, १९६२ च्या जूनमध्ये संपली. पुढचं तुला ठाऊक आहे. तत्त्वं खोटी नव्हती, कागद अपुरा होता. आपल्याकडे चादरींचा गठ्ठासुद्धा माप लिहून घेतल्याशिवाय हलत नाही!

घटनेचं कलम ५१, आंतरराष्ट्रीय शांततेचं, आलं, तर ते मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात मागता येत नाही, हे विसरू नकोस.

युक्रेनवर अडवतील. २ मार्च २०२२, संयुक्त राष्ट्रांची महासभा, रशियाच्या आक्रमणाविरुद्धचा ठराव: बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५, त्यांत आपण. ‘आम्ही शांततावादी’ म्हणून सुटका नाही. रशियन बनावटीची शस्त्रं, त्यांचे सुटे भाग, आणि युक्रेनमध्ये अडकलेली आपली हजारो मुलं, हे सगळं मांड. मग या तटस्थतेची किंमत काय पडली, तेही आपणहून सांग. त्या मुलांना बाहेर काढणारी दूतावासातली माणसंही कुणाची तरी लेकरंच. ती रात्री कुठे झोपली असतील?

पुन्हा मास्तरकी झाली. माफ कर. मुलाखतीच्या २७५ गुणांसाठी एवढं पुरे.

शेंगाचटणी वेगळ्या डब्यात दिलीय, कडक भाकरी मोडू देऊ नकोस. निवड झाली की सुरुवातीला एक परकी भाषा शिकावी लागते म्हणे. तू चिनी घेणार आहेस का? आई विचारतेय.

तुझे,
बाबा