बॅकला खेळलेल्या माणसानं हल्ला शिकवावा का?

कोल्हापूर

प्रिय दीपक,

तुझं पत्र मिळालं. पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवायला घेतलंस, फार बरं केलंस. पण ‘मी जन्मभर बॅकला, म्हणजे बचावाला खेळलो, मी पोरांना हल्ला काय शिकवणार’ हे तुझं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. म्हणून आज मॉरिसिओ पोचेत्तिनोबद्दल लिहितो. तोही तुझ्यासारखाच बॅकला खेळलेला, पुढं नामांकित कोच झालेला.

अर्जेंटिनात सांता फे प्रांतात मर्फी नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथं एका रात्री, एक-दीड वाजता, रोसारिओच्या न्यूएल्स क्लबची दोन माणसं पोचेत्तिनोंच्या दारात उभी राहिली: होर्गे ग्रिफा आणि मार्सेलो बिएल्सा. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा गाढ झोपेत. आईबापांनी त्यांना आत नेलं, पांघरूण सरकवलं, त्यांनी पाय बघितले आणि हा फुटबॉल खेळणार म्हणून ठरवून टाकलं! आणि लक्षात घे, ग्रिफा आणि बिएल्सा दोघेही डिफेंडर, म्हणजे बॅकच. हे घराणंच बॅकवाल्यांचं आहे.

बिएल्सा कोच असताना तो विशीत न्यूएल्सकडून अर्जेंटिनाच्या लीगचा विजेता झाला, १९९४मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोना शहराच्या एस्पान्योल क्लबमध्ये गेला. २००२च्या विश्वचषकात त्याच्यामुळे इंग्लंडला पेनल्टी मिळाली, बेकहॅमनं गोल केला आणि अर्जेंटिना गटातच गारद झाली. पुढं त्याच इंग्लंडमध्ये त्यानं कोच म्हणून नाव काढलं.

पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते एस्पान्योलचं. जानेवारी २००९, संघ खालच्या विभागात घसरण्याच्या बेतात, त्या एकाच हंगामातला हा तिसरा कोच. वय ३६, मोठ्या संघाचा अनुभव शून्य, आणि ड्रेसिंग रूममध्ये कालपरवापर्यंत सोबत खेळलेले गडी. त्यानं संघाला मागं दडवून ठेवलं नाही. वर चढून, समोरच्याच्या अर्ध्यात चेंडू हिसकवायला लावलं. फेब्रुवारीत तळाला असलेला हा संघ शहरातल्याच बलाढ्य बार्सिलोना क्लबला त्यांच्या कॅम्प नोऊ मैदानावर २-१ हरवून आला. दोन्ही गोल इव्हान दे ला पेन्याचे. त्या वर्षी बार्सिलोनानं तिन्ही मोठे चषक जिंकले, यावरून काय ते समज. एस्पान्योल दहावा आला.

पुढं लंडनच्या टॉटनहॅम क्लबमध्येही तेच. वॉकर आणि रोझ हे दोन्ही बाजूंचे बॅक विंगरसारखे, म्हणजे कडेनं हल्ला करणाऱ्यांसारखे, वर धावायचे. मागं कोण उरतं, मोकळी जागा कुठं पडते, हे ज्यानं वर्षानुवर्षं निस्तरलंय तोच बॅकला इतकं बिनधास्त सोडू शकतो, असं माझं ठाम मत आहे. २०१९ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची फायनल ते लिव्हरपूलकडून हरले, नोव्हेंबरात त्याला काढलंही. त्या हंगामात एकही नवा खेळाडू न घेता ज्यानं तिथवर नेलं त्याला काढणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

तर तू पहिल्या आठवड्यात तुझ्या दोन्ही बॅकना वर जायला शिकव. आणि एखादा पोरगा चेंडू घेऊन मागून बाहेर पडताना घाबरत नसेल, तर मला लगेच कळव. रविवारी सामना बघायला येतोच.

तुझा,
संजय