वाढीव बांधकामाच्या सरसकट एनओसीला हरकत: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
रो-हाऊस सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

विषय: विशेष सर्वसाधारण सभेतील विषय क्र. ४, वाढीव बांधकाम व वापरातील बदलासाठी सभासदांना ना-हरकत देणे.

स. न. वि. वि.

विषय क्र. ४ चा मसुदा वाचला. "ज्या सभासदांना वाढीव बांधकाम अथवा वापरात बदल करावयाचा आहे, त्यांना संस्थेची हरकत नाही" असा एका ओळीचा ठराव समितीने सुचवला आहे. कुटुंबं वाढली, वर एखादी खोली हवी, हे रास्त आहे आणि त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण या एका ओळीने संस्था जे वाटून टाकणार आहे, त्याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. तो मांडल्याशिवाय हा ठराव मतास टाकू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी जमिनीचं. आपल्या चोवीस घरांचं गेट वेगळं, नळजोड वेगळा, घरपट्टी वेगळी. जमीन मात्र वेगळी नाही. सात-बारा एकच, आणि त्यावर महापालिकेने मंजूर केलेली स्कीमही एकच. शेजारच्या काही कॉलन्यांमध्ये आधी लेआउट मंजूर होऊन प्रत्येक प्लॉटचा उतारा वेगळा झाला, मग त्यावर रो-हाऊस बांधली गेली. तिथे प्रत्येकाचा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो निर्देशांक, प्रत्येकाच्या प्लॉटवर मोजतात. आपल्याकडे तो अख्ख्या भूखंडावर मोजला जातो. म्हणून "माझ्या घराचा एफएसआय शिल्लक आहे" हे आपल्या संस्थेत कोणालाच म्हणता येत नाही. शिल्लक असेल तर ती चोवीस जणांची, आणि ठरावाच्या सध्याच्या भाषेनुसार जो आधी फाइल लावेल तो ती संपवेल.

आकड्यांत पाहू, आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. निव्वळ भूखंड ३,६०० चौ.मी. धरला आणि एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेरचा मूळ एफएसआय १.१० लावला, तर ३,९६० चौ.मी. बांधकाम बसतं. प्रत्येक घर १३० चौ.मी. असेल तर ३,१२० वापरलेले, उरले ८४०. चोवीस घरांत वाटले तर घरटी ३५ चौ.मी., म्हणजे एक ऐसपैस खोली, टॉयलेट आणि जिना. आता ज्यांनी पूर्ण तिसऱ्या मजल्याचे नकाशे काढून ठेवलेत त्यांचा मजला साधारण ५५ चौ.मी.चा आहे. अशी पंधरा घरं मंजूर झाली की ८२५ चौ.मी. गेले. उरलेल्या नऊ घरांच्या वाट्याला मिळून १५ चौ.मी. येतील. त्या नऊ जणांनी एनओसी मात्र आनंदाने दिलेली असेल.

प्रत्यक्षात ही वजाबाकी इतकी सरळही नाही. आपला नकाशा जुन्या नियमावलीखाली मंजूर झालेला आहे. तेव्हा जिना, बाल्कनी यांसारखी काही क्षेत्रं अटींवर एफएसआयबाहेर धरली जात. डिसेंबर २०२० मध्ये नवी नियमावली आली तेव्हा ही पद्धत बदलली: बरंच क्षेत्र मोजणीत आलं आणि त्याच्या बदल्यात निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून घेण्याची सोय झाली. त्यामुळे जुन्या नकाशावरचा क्षेत्रफळाचा तक्ता समोर ठेवून "एवढे शिल्लक दिसतात" म्हणणं चुकीचं ठरतं. परवानाधारक आर्किटेक्टकडून सगळ्या चोवीस घरांचं जागेवर मोजमाप आणि नव्या नियमाने फेरगणना, हाच पहिला खर्च. तो संस्थेने करावा, कारण एकेका सभासदाने आपापला आर्किटेक्ट आणला तर प्रत्येक जण उरलेला सगळा एफएसआय आपल्याच घरावर दाखवतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची रुंदी. "प्रीमियम भरला की हवा तेवढा एफएसआय मिळतो" असं सभासदांच्या ग्रुपवर फिरतंय, ते अर्धवट आहे. दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरील भूखंडाला प्रीमियम एफएसआय नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जमिनीवरचा हस्तांतरणीय विकास हक्क) नाही, १.१० वर गाडी थांबते, पूरक क्षेत्र तेवढं वेगळं. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर धरून २.०० पर्यंत जाता येतं. आपल्या भूखंडाची कोणती बाजू कोणत्या रस्त्याला लागते आणि विकास योजनेत त्या रस्त्याची रुंदी किती आहे, हे नगररचना विभागाच्या भाग नकाशावरून आणि झोन दाखल्यावरून कळेल. डांबर किती रुंद आहे ते मोजून उपयोग नाही. रस्तारुंदीत आपली पट्टी जात असेल तर तीही याच वेळी कळते.

तिसरा गैरसमज १५० चौ.मी.चा. "सोळाशे फुटांखालच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही" हे काही जणांनी गृहीत धरलंय. ती सवलत अशी: छोट्या भूखंडावर मालकाने परवानाधारक व्यक्तीच्या सहीचा, नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क दाखल केलं की त्याची पोचच परवानगी समजली जाते. म्हणजे नकाशा लागतो, नियम लागतात, शुल्क लागतं, फक्त छाननीचा वेळ वाचतो. शिवाय आपला भूखंड हजारो मीटरचा एकच आहे. त्यातल्या एका घराखालची जागा हा काही वेगळा भूखंड होत नाही.

आणि अर्ज करणार कोण? जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे ती संस्थेच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही. उताऱ्यावर मूळ मालक आणि विकासकच आहेत. सुधारित बांधकाम परवानगीच्या अर्जावर जमीनमालकाची सही लागते. विकासक सही देणार नाही, किंवा देताना उरलेल्या एफएसआयवर आपला हक्क सांगेल. म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा (विकासकाच्या सहीशिवाय, अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेच्या नावावर करण्याचा) नमुना सातमधला अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे आधी दाखल व्हायला हवा. तो विषय गेल्या काही सभांत पुढे ढकलला गेला आहे, विषय क्र. ४ त्याच्या आधी घेणं म्हणजे उलटी वरात.

आता मोकळ्या जागांबद्दल, कारण प्रत्यक्ष भांडणं तिथेच होतात. मंजूर नकाशात पुढे तीन मीटर आणि मागे दीड मीटर सोडलेली आहे. रो-हाऊसला मधल्या घरांना बाजूची जागा नसतेच, उजेड आणि वारा पुढून आणि मागूनच येतो. मागच्या दीड मीटरवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकून धुण्याची जागा करण्याची टूम निघाली आहे. त्या पट्टीतून आठ-आठ घरांची ड्रेनेज लाइन जाते आणि प्रत्येक घरामागे तिचं चेंबर आहे. चेंबरवर फरशी बसली, वर वॉशिंग मशीन आलं, की तुंबल्यावर झाकण उघडता येत नाही. आणि तुंबतं ते त्या घराचं नाही, चढावरच्या घरांचं. त्यांच्या तळमजल्याच्या न्हाणीतून पाणी उलटं येतं. शिवाय पत्र्याचा उतार कम्पाउंड भिंतीकडे दिला की पहिल्याच पावसात मागच्या संस्थेची तक्रार ठरलेली. पत्रा हलका आहे, खांब लोखंडी आहेत, नटबोल्टचे आहेत, यानं फरक पडत नाही. सोडलेली जागा झाकली की ते बांधकामच.

पुढच्या बाजूला नियम तपशिलात आहेत. समोरच्या किमान मोकळ्या जागेत ओटा, कठडा किंवा पोर्चचे खांब चालत नाहीत. पायऱ्या इमारतरेषेपासून १.२ मीटरपर्यंत चालतात. कम्पाउंड भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटर उंच, वरचे ०.९ मीटर जाळीचे ठेवले तर २.४ पर्यंत. कोपऱ्यावरच्या दोन्ही घरांना चौकाच्या बाजूने १० मीटर लांबीपर्यंत पक्की भिंत ०.७५ मीटरच, वरचे ०.७५ हवे तर रेलिंगचे. वळणावर समोरून येणारी दुचाकी दिसावी म्हणून हा नियम आहे, आणि सध्या आपल्या दोन्ही कोपऱ्यांवर माणसाच्या उंचीच्या भिंती आहेत. गाड्यांचंही तसंच. तीन मीटरच्या जागेत चार मीटरची छोटी गाडीसुद्धा सरळ बसत नाही, मग फाटक बाहेर उघडतं आणि रॅम्प रस्त्यावर येतो. सहा मीटरच्या आतल्या रस्त्यात दोन्ही बाजूंनी रॅम्प आणि गाड्या धरल्या तर अग्निशमनाच्या बंबाला उरतं काय, ते समितीने एकदा टेप लावून पाहावं.

वर मजला चढवताना भिंतीचा प्रश्न वेगळाच. दोन घरांमधली भिंत सामाईक आहे, कॉलम आणि पायेही काही ठिकाणी सामाईक. एकाने स्लॅब वाढवला की वजन दोघांच्या पायावर जातं. तिसऱ्या मजल्यासाठी शेजाऱ्याच्या बाजूच्या कॉलमची सळई उघडी करतात, बीमला छिन्नी लागते, आणि दोन घरांच्या गच्च्या जिथे भिडतात तो सांधा एका बाजूने उंच झाल्यावर नीट झाकला जात नाही. मग दोन पावसाळ्यांत शेजाऱ्याच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने मूळ डिझाइन पाहून दिलेलं प्रमाणपत्र, सांध्याच्या वॉटरप्रूफिंगचं रेखाचित्र आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची नकाशावर सही, याशिवाय एनओसी विचारातच घेऊ नये.

वापराच्या बदलाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' याच्या व्याख्येत वापरातला बदलही येतो. एक वीटही न हलवता बैठकीच्या खोलीत दुकान काढलं तरी परवानगी लागते. राहत्या डॉक्टरांचा फक्त बाह्यरुग्ण तपासणीचा दवाखाना, वकील किंवा सीए यांचं स्वतःच्या घरातलं ठरावीक क्षेत्राचं ऑफिस, घरच्याच माणसांनी पगारी कामगार न लावता चालवलेलं शिवणकाम, अशा गोष्टींना निवासी विभागात जागा आहे; कोणी त्यावर कुरकुर करू नये. तळमजला भाड्याने देऊन तिथे क्लास, पार्लर किंवा पीजी चालवणं ही वेगळी गोष्ट. त्यांना परवानगी मिळेल की नाही हे रस्त्याची रुंदी, पार्किंग आणि प्रवेश पाहून नगररचना विभाग ठरवेल, आपली सभा नाही. पीजीबाबत मालक स्वतः राहत नसेल तर बिनभोगवटा शुल्क (घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं, त्यामुळे "जादा शुल्क लावू आणि चालू देऊ" हा मार्गही बंद आहे. वीजमीटर घरगुती ठेवून दुकान चालवलं तर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते आणि ती बारा महिने मागे जाऊ शकते.

संस्थेच्या एनओसीने यातलं काहीही कायदेशीर होत नाही. तिचा उपयोग एकच होतो: नोटीस आल्यावर सभासद ती पुढे करतो आणि संस्थाही वादात ओढली जाते. बेकायदा बांधकामाला १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस, कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ नुसार मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) दरवर्षी लागू शकते. "नंतर नियमित करून घेऊ" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की शुल्क घेऊन बांधकामं नियमित करण्याची २०१७ ची प्रशमन योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. १७ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही सभेत सांगायला हवा. उत्तर प्रदेशात मेरठमध्ये निवासी भूखंडावर दुकानं बांधली होती. न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम ठेवला आणि भोगवटा प्रमाणपत्र (मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झालं, वापरायला हरकत नाही, असा पालिकेचा दाखला) पाहिल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये असे निर्देश दिले. उद्या आपल्याकडचं घर विकायला काढलं की बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊनच जागा मोजायला येतो. जादा मजला असलेलं घर अडकतंच, आणि एकच भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या स्कीममध्ये शेजारच्या निर्दोष घराच्या फाइलवरही शेरा पडतो.

म्हणून विनंती अशी की विषय क्र. ४ वरचा मसुदा मागे घेऊन पुढील ठराव मांडावा:

"संस्थेने मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, बिनशेती आदेश, चालू उतारा, भाग नकाशा व झोन दाखला यांच्या प्रमाणित प्रती तीस दिवसांत मिळवाव्यात. परवानाधारक आर्किटेक्टकडून सर्व घरांची मोजणी व शिल्लक एफएसआयची गणना करून घ्यावी. शिल्लक एफएसआय सर्व घरांत समान विभागावा. एखाद्या सभासदाला आपला वाटा वापरायचा नसेल तर तो लेखी संमतीनेच दुसऱ्याला देता येईल. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज दाखल करावा. त्यानंतर इच्छुक सभासदांचा एकत्रित सुधारित नकाशा संस्थेमार्फत दाखल करावा. तोपर्यंत कोणतीही ना-हरकत देऊ नये."

एकत्रित नकाशाचा फायदा पैशातही आहे: एकच आर्किटेक्ट, एकच छाननी, आणि शेवटी एकच सुधारित भोगवटा प्रमाणपत्र. नकाशे संस्थेच्या दप्तरात सापडत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर नगररचना विभागाकडे अर्ज करता येतो. आधी जे झालंय, म्हणजे मागचे पत्रे आणि कोपऱ्यावरच्या भिंती, त्यांची यादी याच मोजणीत करावी आणि संबंधितांना स्वतःहून काढायला मुदत द्यावी. मागच्या पट्टीपासून सुरुवात करावी, पावसाळ्याआधी चेंबर उघडायलाच हवीत.

प्लास्टर, रंग, फरशी, खिडक्या-दारांची दुरुस्ती यांचे अर्ज मात्र यात अडकवू नयेत. ती किरकोळ कामं आहेत, त्यांना समितीने नेहमीसारखी आठवड्यात परवानगी द्यावी.

हे पत्र सभेपूर्वी सर्व सभासदांना पाठवावं, इतिवृत्तात जोडावं आणि आवक क्रमांकासह पोच द्यावी.

आपला विश्वासू,
सभासद, रो-हाऊस क्र. ११