गोठ्यात कोण जातं ते आधी विचारा

मा. संपादक साहेब,
स. न.

आजकाल पेपरमधे ‘वन हेल्थ’ हा शब्द बरेचदा वाचायला येतो, म्हणजे माणूस, जनावर अन् आजूबाजूचं पर्यावरण यांचं आरोग्य एकमेकात गुंतलेलं आहे तर इलाजही मिळूनच करा. आपल्या नागपुरात याच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली, चांगलंच झालं. पण बातम्यात लॅब आणि व्हायरस एवढंच दिसतं, गोठ्यात शेण कोण काढतं हे कुठंच दिसत नाही, म्हणून लिहितो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या दोन बकऱ्या गाभडल्या, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पिल्लं पडली. एकीची वार (पिल्लामागून पडते ती) पडेना तर आईनं हातानंच ओढून काढली, हातात साधी पन्नी पण नाही, मग राखेनं हात घासले आणि भाकरी टाकायला बसली. महिना-दीड महिन्यानं तिला ताप सुरू झाला, संध्याकाळी चढायचा अन् सकाळपर्यंत घामानं लुगडं ओलं, कंबर आणि गुडघे धरलेले. तालुक्याचे दोन दवाखाने झाले, एकानं टायफाईड म्हटलं, दुसऱ्यानं वाताचं, सलाईन लागल्या, तीन महिने असेच गेले. शेवटी बकऱ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी ओसरीत निजलेल्या आईला पाहून सहज विचारलं, या घरी बकऱ्या गाभडल्या होत्या काय? त्यांनीच ब्रुसेलाची, म्हणजे जनावरापासून माणसाला होणाऱ्या एका तापाची, तपासणी करायला सांगितलं आणि तोच निघाला. सहा आठवडे गोळ्या खाल्ल्या, आता चालते-फिरते. तिला म्हटलं, दवाखान्यात बकऱ्यांचं सांगितलं काहून नाही, तर म्हणे, “मले कोनं इचारलं? डॉक्टरच्या म्होरं बकरीचं कोन सांगते बा!”

खोटं नाही बोलली ती. माणसाच्या दवाखान्याचा केसपेपर वेगळा, ढोराच्या दवाखान्याचं रजिस्टर वेगळं, दोघांची गाठ पडली ती आमच्या ओसरीत आणि तीही योगायोगानं.

ब्रुसेलाचा जंतू वारेत असतो, गाभडलेल्या पिल्लात असतो, कच्च्या दुधात असतो. सरकारनं २०१९ पासून लसीकरणाची देशभर योजना आणली, पण ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. बकरी राहिली बाजूला, आणि आमच्याकडं बकरी असते कोणाकडं, तर बायांकडं अन् मजुरांकडं. जनजागृतीची मीटिंग झाली होती म्हणा एकदा. ग्रामपंचायतीत, सकाळी अकराला, ऐन कापूस वेचणीत! बाया वावरात, ढोरकी जंगलात, मग ऐकायला कोण तर पानठेल्यावरून उठून आलेली चार माणसं, ज्यांनी जन्मात कधी वार काढली नसेल. तीच मीटिंग सकाळी आखरावर घेतली असती, ढोरं जमतात तेव्हा, तर ढोरकी तरी ऐकता.

त्यात सांगितलं, गोठा घरापासून लांब ठेवा. बरोबर आहे, पण आमच्या इकडं गोठा घराला लागून असतो तो काही अडाणीपणानं नाही. रात्री बकऱ्या चोरीला जातात, बिबट येतो, म्हणून माणूस भिंतीपलीकडं ढोरांचा आवाज ऐकत झोपतो. लहान पोरांना मेंदूचा ताप आणणाऱ्या चांदीपुरा व्हायरसचंही तसंच, तो १९६५ मधे सापडला आपल्याच नागपूर जिल्ह्यात, गावाचंच नाव पडलं त्याला, आणि तो पसरवणारी वाळूमाशी राहते मातीच्या भिंतीच्या भेगात अन् गोठ्यात. आता पक्कं घर नसेल तर भेगा नुसत्या पोस्टर लावून बुजत नाहीत. हे प्रश्न डॉक्टरचे आहेत तेवढेच समाजशास्त्रवाल्यांचे आहेत, बाईच्या हातात पैसा किती, जागा किती, भीती कशाची, ते त्यांनी येऊन बसून विचारावं.

भीतीचं तर विचारूच नका. २०२२ मधे गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी आला, तो माणसाला होत नाही, तरी आमच्या गावात लोकांनी दूध घेणं बंद केलं, गाईवाल्यांचे हाल झाले. तेव्हापासून कोणी आपल्या गोठ्यातला आजार बोलून दाखवत नाही. ब्रुसेलाची गाय निघाली तर काय करायचं? बाहेरच्या देशात मारून टाकतात, मालकाला पैसे देतात. इथं गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे, ती बंदी असावी का नसावी हा वेगळा वाद, पण मग ती गाय सांभाळायची कोणी अन् वैरण कोणाच्या खिशातून? याचं उत्तर नसेल तर माणूस काय करतो, गुपचूप बाजाराच्या दिवशी विकून टाकतो, आणि आजार दुसऱ्या गावी जातो.

नागपूरच्या संस्थेत गावोगाव बसून बोलणारी माणसं घ्यावी, त्यात बाया पाहिजेत, आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) केसपेपरवर एक ओळ वाढवावी: घरी जनावर आहे का, गाभडलं का. त्याला काही मशीन लागत नाही.

आईनं आता पन्नी खुंटीला टांगून ठेवली आहे. पण त्या दोन बकऱ्यांचं काय करायचं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. विकायला तिचं मन होत नाही, कारण जातील त्या कोणा बाईच्याच गोठ्यात. सध्या आमच्याच दावणीला आहेत.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ