शिडाच्या बोटींसाठी तारांविना मोकळा काठ हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात मी मुंबईहून जुनी होबी 16 विकत आणली. शिडाची, दोन सांगाड्यांची, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन लांब पोकळ तरंगत्या धडांची छोटी कॅटमरान. पहाटे कसारा घाट चढताना ट्रेलरच्या मागे आठ मीटरची डोलकाठी बाहेर आलेली, तिच्या टोकाला लाल फडके बांधलेले. इगतपुरीला चहाला थांबलो तर पाच-सहा जण भोवती जमले आणि विचारू लागले, "हे काय, विमानाचे पंख का?" मी सातपूरला लेथचे काम करतो. यंत्र उघडून समजून घ्यायची सवय आहे, त्यामुळे बोटही जमेल असे वाटले. जमले, पण जे शिकावे लागले ते सांगणारे जवळपास कोणी नव्हते. म्हणून हे पत्र.

आधी सर्वात जिवावरची गोष्ट. शहराजवळच्या एका जलाशयाच्या काठावर बोट उतरवायला आम्ही पहिल्यांदा गेलो. मुलगी डोलकाठीचे खालचे टोक खोबणीत धरून उभी, मी आणि माझा भाचा काठी उभी करत होतो. अर्ध्यावर आली आणि भाचा ओरडला, "मामा, तार!" आमच्या डोक्यावरून, रस्त्याकडून पंपाकडे जाणारी विजेची तार होती. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिला धरून ठेवणारे तिन्ही ताण स्टीलचे आणि आमचे पाय ओल्या मातीत. आम्ही जसे होतो तसे थिजलो आणि काठी इंच-इंच खाली घेतली. त्या रात्री मला झोप आली नाही.

हा धोका नवा नाही. अमेरिकेत अशा बोटींच्या काठ्या तारांना लागून माणसे गेली आणि पुढे होबीच्या काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करण्यात आला. माझी काठी त्या आधीची, संपूर्ण धातूची. जुनी बोट घेणाऱ्याने हे आधी तपासावे. काठी उभी करण्यापूर्वी वर पाहावे, आणि ज्या वाटेने बोट पाण्याकडे ढकलायची ती सगळी वाट वर मान करून चालून यावी.

दुसरी गोष्ट उलटण्याची. फेब्रुवारीत दुपारी वारा अचानक वाढला आणि बोट आडवी झाली. पुस्तकात वाचले होते तसे सगळे केले: शिडांच्या दोऱ्या मोकळ्या सोडल्या, बोटीचे नाक वाऱ्याकडे वळवले, दोरी वरच्या सांगाड्यावरून टाकली, खालच्या सांगाड्यावर उभे राहून मागे झुकलो. बोट हलेना. माझे वजन 70 किलो, मुलीचे 48. आम्ही दोघे मिळून 118 किलो, आणि बोट एकटीच सुमारे 145 किलोची. झुंजता झुंजता ती पूर्ण पालथी झाली आणि डोलकाठीचे टोक खालच्या गाळात रुतले. जाळे लावायला आलेल्या मासेमारीच्या होडीतल्या एका काकांनी आम्हाला पाहिले. त्यांनी आधी टोक मोकळे केले, मग तिसरे माणूस म्हणून दोरीला लोंबकळले, तेव्हा कुठे बोट उठली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "पोरीला बोटीवर चढवा आधी," एवढेच म्हणाले. मुलीच्या अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून आज हे पत्र इतक्या शांतपणे लिहू शकतो.

त्यानंतर मी ताडपत्री शिवणाऱ्याकडून खांद्याला अडकवायची एक मजबूत पिशवी करून घेतली. बोट उलटली की ती पाण्याने भरून पाठीवर घ्यायची. पाण्यात असताना तिचे वजन जाणवत नाही, पण मागे झुकताना पिशवी पाण्याबाहेर आली की वीस लिटरचे वीस किलो कामाला येतात. काठीच्या टोकाला एक तरंगता फुगाही बांधला, म्हणजे बोट आडवी झाली तरी पालथी होणार नाही. उथळ पाण्यावर जाणाऱ्या हलक्या कुटुंबांनी या दोन गोष्टी कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

बाकी बारीकसारीक शिकता येते. सांगाड्यांची मागची बुचे लावायला विसरायचे नाही. या बोटीला मधे पाण्यात खाली उतरणारे पाते नसते, त्यामुळे वाऱ्यातून वळताना ती अडते. वेग आधी कमवायचा आणि पुढचे शीड थोडा वेळ उलट्या बाजूला धरून नाक फिरवायचे. मुलीला हे माझ्याआधी जमले. तिने पहिल्यांदा सुकाणू फिरवले आणि शीड दुसऱ्या बाजूला भरले, तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिम्पिकला वल्हवायला गेला. पाणी आणि मेहनती मुले दोन्ही आपल्याकडे आहेत. गंगापूर धरणाचे पाणी शहर पिते, त्यामुळे तिथे कोणी कसेही उतरावे असे मी म्हणणार नाही. परवानगी, नियम, सगळे हवे.

मागणी एवढीच आहे. जिथे बोटींना परवानगी आहे तिथे पाण्यालगत एक तुकडा असा राखावा की त्यावरून विजेची तार जाणार नाही. गेलीच तर तिथे मोठ्या अक्षरांत मराठीत सूचना लावावी. आणि सुट्टीच्या दिवशी पाण्यावर एक मोटरची होडी आणि पोहता येणारा माणूस असावा. त्या काकांसारखा कोणी दर वेळी जाळे लावायला आलेला असेलच, असे नाही.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक