आधी मोऱ्या मोज

टिळकवाडी, बेळगाव
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मी अमेरिकेत व्हीटनला लेकीकडे असतानाच पोचलं होतं. तुझ्या धाकट्याने पानांचे फोटो पाठवले आणि नातवाने ते फोनवर मोठे करून मला वाचायला दिले. उत्तर मात्र मुद्दामच तिथून लिहिलं नाही. तिथे बसून लिहिलं असतं तर सगळंच सोपं वाटलं असतं आणि तू दुसऱ्या दिवशी पोरं गोळा करून फावडी घेऊन निघाला असतास. आता परत येऊन बरेच दिवस झालेत. इथल्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक उघडायची वाट बघत धूळ खातोय. डोकं ठिकाणावर आहे, तेव्हा ऐक.

तुमच्याकडची रेल्वे मीटरगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हा वळण सरळ केलं आणि तुमच्या ओढ्यापलीकडचा जुना भराव तसाच सुटला. त्यावर आता रूळ नाहीत, स्लीपर नाहीत, खडीही कुणीकुणी उचलून नेली. घाणेरी माजलीय. गावातली पोरं ती काढून चालायची, सायकलची वाट करायला तयार आहेत. तर करावं का, असं तू विचारतोस. कर की! पण तू लिहिलेला क्रम, म्हणजे आधी साफसफाई, मग गुलमोहराची रोपं, मग बाकडी आणि शेवटी जमलं तर परवानगी, हा मला साफ नामंजूर आहे. का ते सांगतो.

व्हीटन हे शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर. लेकीच्या घराजवळून इलिनॉय प्रेअरी पाथ नावाची वाट जाते. सगळ्या फाट्यांसकट लांबी सुमारे ६१ मैल, म्हणजे बेळगावाहून हुबळी गाठण्याइतकी. बहुतेक ठिकाणी वर चुनखडीची बारीक भुकटी दाबून घातलेली. पहिल्याच दिवशी पायाला कळलं की ही मुळात गाडीची वाट आहे. चढ असा नाहीच. वळण आलं तर इतक्या हळू येतं की आपण वळलो हे मागे बघितल्यावर समजतं. पी-वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत, नोकरी काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी जावयाला म्हटलं, इथे खाली फॉर्मेशन, म्हणजे रुळांखालचा मातीचा पाया, आहे बघ. त्याला तिथे राहून इतकी वर्षं झाली, पण पत्ता नव्हता!

ती लाइन शिकागो ऑरोरा अँड एल्जिन नावाच्या कंपनीची. विजेवर चालायची, बाजूला तिसरा रूळ टाकून. १९०२ मध्ये सुरू झाली. पुढे शिकागोत महामार्गाचं काम निघालं, त्यात तिची शहराच्या मध्यात जायची वाट तुटली आणि १९५३ पासून लोकांना अलीकडेच उतरून दुसरी गाडी पकडावी लागू लागली. गिऱ्हाईक पळालं. १९५७ च्या ३ जुलैला कोर्टाने मोकळीक दिल्याबरोबर कंपनीने भर दुपारी प्रवासी गाड्या बंद केल्या. सकाळी कामाला गेलेली हजारो माणसं संध्याकाळी घरी यायला निघाली तर गाडीच नाही! आपल्याकडे गाडी उशिरा येते म्हणून आपण शिव्या घालतो, पण सकाळी नेलेल्या माणसाला परत न आणणारी कंपनी मी अजून पाहिलेली नाही. मालगाड्या १९५९ पर्यंत चालल्या, १९६१ मध्ये लाइन अधिकृतपणे सोडून दिली.

आता तुझ्या कामाची गोष्ट. मे वॉट्स नावाची एक वनस्पती-अभ्यासक बाई होती, तिथल्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात शिकवायची. १९६३ मध्ये, म्हणजे सत्तरीच्या आसपास असताना, तिने शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहिलं की हा पट्टा तुकड्यातुकड्यांनी संपायच्या आत लोकांनी त्याची पायवाट करावी. इंग्लंडातल्या पायवाटा ती बघून आली होती. बघ मास्तर, तिने सुरुवात कोयत्याने केली नाही, कागदाने केली. मग माणसं जमली, १९६५ मध्ये रीतसर ना-नफा संस्था नोंदवली, १९६६ मध्ये तिथल्या काउंटीने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याने म्हण, पट्टा भाड्याने दिला. त्यानंतर स्वयंसेवकांनी कामाला हात घातला. आज वाटेची मोठी कामं सरकारी खाती बघतात, पण ती संस्था अजून स्वयंसेवकांचीच आहे आणि कचरा, झुडपं, फलक यात लोकांचा हात असतो.

लेकीने मला एका शनिवारी त्यांच्यात नेऊन सोडलं. जमलेली निम्मी माणसं माझ्याच वयाची. म्होरक्या एक निवृत्त वायरमन. त्याने मला हातमोजे दिले आणि गार्लिक मस्टर्ड नावाचं तण उपटायला लावलं. पानं चुरडली की लसणाचा वास येतो. युरोपातून आलेलं हे तण तिथे काँग्रेस गवतासारखं पसरलंय. बी धरायच्या आत मुळासकट उपटायचं आणि पिशवीत भरायचं, तिथेच टाकायचं नाही. मी विचारलं, एवढा जीव का काढता? तर म्हणाला, या मुलखातलं मूळचं गवताळ रान नांगराखाली जवळपास सगळं गेलं. रेल्वेच्या हद्दीत नांगर शिरला नाही, म्हणून तिथे कुठेकुठे जुनं गवत उरलं. माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं ते गवत त्याने मला हात लावून दाखवलं. म्हणून गुलमोहर नको म्हणतो मी. तुमच्या भरावावर तीसेक वर्षं कुणी नांगर घातलेला नाही. तिथे काय काय उगवलंय ते आधी तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दाखव. घाणेरी आणि रानमोडी काढा, बाकीच्याला हात लावू नका. शिवाय भरावाच्या खांद्यावर मोठं झाड म्हणजे मुळं माती फोडणार आणि वादळात झाड पडलं की अर्धा खांदा घेऊन पडणार. नोकरीत असताना असली झाडं तोडून घेण्यात माझे उन्हाळे गेलेत आणि तू हौसेने लावायला निघालास!

मी तिथे सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर पाणी. बाकीचे फुलं बघत चालायचे, मी गटारं बघायचो. लेक वैतागायची. वाट मध्ये किंचित उंच, दोन्हीकडे उतरती. कडेची चर मोकळी. जिथे चर तुंबली होती तिथे भुकटी वाहून जाऊन सायकलच्या चाकाएवढी घळ पडलेली, आणि जिथे मोकळी होती तिथे वाट तळहातासारखी सपाट. लाइन जिवंत असो वा मेलेली, तिला मारतं ते पाणीच. तिथला पाऊस तर आपल्या खानापूरच्या पावसापुढे काहीच नाही. तुमच्याकडे ओढा जूनअखेरीस फुगतो. तेव्हा पहिलं काम हे की तू आणि तुझा धाकटा भरावाच्या पायथ्याने, वरून नव्हे, एका टोकाकडून दुसरीकडे चाला आणि मोऱ्या, म्हणजे भरावाखालून पाणी जायला ठेवलेल्या वाटा, मोज. किती आहेत, कितीचं तोंड दिसतं, कितीत गाळ भरलाय, कुणाचा दगडी कमानीचा भाग निखळलाय. शेतकऱ्यांनी एखादी मोरी पाण्यासाठी मुद्दाम बुजवली असेल तर तेही लिही, भांडू नकोस. आत्ताच जा. पावसाने ठेवलेल्या खुणा अजून स्पष्ट आहेत, कुठे पाणी भरावावरून गेलं ते गवत कुठल्या बाजूला लोळलंय यावरून कळेल. उन्हाळ्यात सगळं सारखंच दिसतं.

चुनखडीची भुकटी आपल्याकडे नको, मुरूम आहे. पण नुसता मुरूम पसरून ठेवलास तर पहिल्या आषाढात लाल चिखल होईल आणि सायकली घसरतील. पातळ थर घाला, पाणी मारा, रोलर नाही मिळाला तर धुम्मस चालवा, मग दुसरा थर. वाट दोन माणसं शेजारी चालतील एवढीच रुंद ठेव, कडेला गवत राहू दे. रुंद केलीस की ट्रॅक्टर येणार आणि ट्रॅक्टर आला की वाट संपली. दोन्ही तोंडांशी खांब रोवा, पण म्हैस जाईल एवढी फट ठेवा. ज्यांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथून ओढ्यावर जातात त्यांना अडवलंस तर खांब रातोरात जातील, आणि ते बरोबरच होईल.

परवानगीचं मी एवढं का लावून धरतोय ते आता सांगतो. ती जमीन रेल्वेची असेल तर रिकामी दिसली तरी रेल्वेचीच. रेल्वे कायद्याचं १४७ वं कलम अनधिकृत प्रवेशाचं आहे, ते तुला मी शिकवायला नको. २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ तूच मला पाठवले होतेस आणि खाली लिहिलं होतंस, 'पोरांचं काय चुकलं?' चुकलं ते सरळ आहे. कॅसल रॉक ते कुळे हा ३७ ला १ चढाचा घाट, त्यात बोगदे, त्यात धुकं. गाडीचा आवाज धबधब्यात ऐकू येत नाही. पण पोरं तिथेच का जातात याचा विचार कुणी केला नाही. १८८८ पासूनची ती वाट डोंगराच्या कुशीतून इतकी अलगद चढते की कसल्याही रस्त्यापेक्षा तिथून चालणं सुखाचं. लोकांना रेल्वेच्या वाटेवरून चालायचंय, हे तर शाबीत आहे. मग जिथे गाडी येत नाही अशी वाट त्यांना का देऊ नये? तुमचा भराव जेमतेम किलोमीटरभर असेल, धबधबाही नाही. तरी बेळगावातली पोरं रविवारी येतील, बघ तू.

आणि दुसरं. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात एक तरतूद केली. कंपनीने लाइन सोडली तरी पट्टा मोडायचा नाही, तोवर त्यावर वाट करायची आणि उद्या रेल्वेला हवा झाला तर परत द्यायचा. मला ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली. तिथे काही गावांत लोक चिडले, आमच्या शेजारून परक्यांची ये-जा नको म्हणाले, कोर्टकज्जे झाले, पण तरतूद टिकली. आपल्याकडे अळणावर-दांडेलीचं बघ. दोन दशकांहून जास्त काळ तिथे प्रवासी गाडी नव्हती, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात अळणावरहून दांडेलीजवळच्या अंबेवाडीपर्यंत गाडी सुटली. पट्टा शाबूत होता म्हणून सुटली. मध्येच कुणाचं गोदाम, कुणाचं अंगण झालं असतं तर? तुमच्याही भरावाला दोन्हीकडून बांध कोरणं चालू असणार. दरवर्षी वीतभर. तू चालायची वाट केलीस तर चालणारेच पट्ट्याचे राखणदार होतील, रेल्वेला हे सांग. हुबळी विभागाला अर्ज कर तेव्हा 'बगीचा' शब्द चुकूनही लिहू नकोस. 'कायमचं बांधकाम नाही, मागाल तेव्हा मोकळं करून देऊ' हे पहिल्या परिच्छेदात लिही. बाकड्यांचं नंतर बघू. सिमेंटचा ओटा घातलास की कुठला ना कुठला कारकून अतिक्रमण म्हणून शेरा मारणार, आणि त्याचंही खोटं नाही.

फलकाचं तू काही लिहिलं नाहीस, पण ते भांडण येणारच. मराठी वर की कन्नड वर यावरच तुमच्या दोन बैठका जातील, तिसरीत कुणीतरी उठून जाईल. माझं ऐकशील तर फलकच लावू नकोस. मोरीवर जुने नंबर रंगवलेले असतात, तेवढे नव्याने रंगव. आकडे कुणाला टोचत नाहीत.

तुमच्याकडच्या अस्वलांचं मात्र गांभीर्याने घे. सांजेनंतर वाटेवर कुणी जायचं नाही हा नियम गावात दवंडी देऊन सांग. पहाटे पळायला जाणाऱ्या पोरांनाही.

आणि काम करणारी माणसं. तुझी पोरं पहिल्या रविवारी पंचवीस येतील, चौथ्या रविवारी पाच. व्हीटनच्या त्या वायरमनला मी विचारलं होतं, माणसं टिकतात कशी? तो म्हणाला, दिवस बदलत नाही, आणि दुपारच्या आत सोडतो. मला हे पटलं. गँगमध्ये आमचंही तेच होतं. वेळेवर सोडणाऱ्या मुकादमाकडे माणसं राहायची. सुगीत काम ठेवू नकोस, भात घरात येऊ दे. मग महिन्यातला एकच रविवार ठरव, सकाळी सात ते दहा, नंतर पोहे-चहा. लोक कमी आले तरी दिवस हलवायचा नाही. तू मास्तर आहेस, तुला हजेरी घ्यायची खोड आहे. ती घेऊ नकोस.

मी पुढच्या पंधरवड्यात येतो. मोऱ्यांची यादी तयार ठेव आणि तलाठ्याकडून दोन्ही बाजूंच्या शेतांचे उतारे काढून ठेव, हद्दीचे दगड शोधताना लागतील. मोजायचा फीता माझ्याकडे आहे, तीस मीटरचा, अजून धड आहे. अर्जाचा मसुदा मी लिहितो, तू शुद्धलेखन तपास. सहीला गावातल्या बायका आण. शेताला जायची वाट सगळ्यात जास्त त्याच वापरतात, आणि तुझ्या यादीत एकही बाईमाणूस दिसत नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, लेकीने त्यांच्यासाठी काहीबाही दिलंय, ते घेऊन येतोय. कुंदा आणू की नको ते तुझ्या साखरेचा रिपोर्ट बघून कळव.

तुझा,
रेल्वेवाला