हार्नेस नको, आधी तिकीट काढा!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनमधल्या ‘कामिनितो देल रेय’ या कड्यावरच्या वाटेबद्दल लेख आला. वाचायला मजा आली, पण त्यात एक घोळ आहे : वर्णन जुन्या वाटेचं आणि फोटो नव्या वाटेचे. ‘जगातील सर्वांत धोकादायक पायवाट’ ही ओळख २०१५ सालीच शिळी झाली. लेख छापून आल्यापासून आमच्या गिर्यारोहकांच्या गटात चौकश्या सुरू आहेत. हार्नेस (कमरेला बांधायचे सुरक्षा-पट्टे) किती न्यायचे, वाटेला वायर बांधलेली आहे का, विमा कोण देतं. तिकीट कधी काढायचं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जण तिकडे क्लाइंबिंगला जाऊन आलो, म्हणून हा पत्रप्रपंच.

मालागा शहरापासून गाडीने तासाभरावर एल चोर्रो नावाचं छोटं गाव आहे. तिथे ग्वादालोर्से नदीने चुनखडकात खोल घळ कापली आहे. घळीच्या दोन टोकांना जलविद्युत प्रकल्पाची कामं होती. कामगारांना ये-जा करता यावी, सामान नेता यावं म्हणून १९०१ ते १९०५ या काळात कड्याच्या अंगालगत, नदीपासून शंभरेक मीटर उंचीवर, जेमतेम मीटरभर रुंदीची वाट बांधली गेली. १९२१ मध्ये राजा तेरावा अल्फोन्सो धरणाच्या उद्घाटनाला आला, तेव्हा तो या वाटेने गेला आणि तिला त्याचंच नाव पडलं. रोज वापरणारे कामगार राहिले बाजूला! हे आपल्याकडेही काही नवीन नाही.

पुढे देखभाल थांबली. खडकात ठोकलेले लोखंडी बीम गंजले, त्यांवरच्या काँक्रीटच्या लाद्या ठिकठिकाणी कोसळल्या. क्लाइंबर मंडळी उरलेल्या बीमवरून, वायरला कॅराबिनर (हार्नेसला जोडलेली धातूची कडी) अडकवून जायची. आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेले ते व्हिडिओ याच काळातले. १९९९ आणि २००० साली तिथे जीव गेले, मग प्रशासनाने वाट बंद केली आणि दोन्ही टोकांचा भाग काढूनच टाकला. तरी लोक जायचे थांबले नाहीत. शेवटी दुरुस्ती करून मार्च २०१५ मध्ये नवी वाट खुली झाली. लाकडी फळ्या, बाजूला तारांचं कुंपण. जुनी वाट त्यांनी हटवलेली नाही, ती बऱ्याच ठिकाणी नव्या वाटेच्या बरोबर खाली दिसते. एके ठिकाणी मी वाकून पाहिलं, तर लादी मधोमध फुटलेली, भगदाडातून खालचं हिरवट पाणी दिसत होतं आणि कडेला एकच गंजका बीम हवेत बाहेर आलेला. त्यावर पाय ठेवून लोक गेले आहेत!

आता बेत आखणाऱ्यांसाठी. वाटेवर हार्नेस लागत नाही. हेल्मेट सक्तीचं आहे आणि ते तिथेच मिळतं, डोक्याला घालायच्या जाळीदार टोपीसकट. तिकीट दहा युरोंच्या आसपास, म्हणजे हजारभर रुपये. मार्गदर्शक हवा असेल तर जास्त. पण पैसे हा प्रश्नच नाही. प्रवेश ठरलेल्या वेळेचा असतो आणि सुट्टीच्या दिवसांची तिकिटं फार लवकर संपतात. त्यामुळे आधी तिकीट, मग विमान, असा क्रम ठेवा. सोमवारी वाट बंद असते. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. वारा सुटला की त्या दिवशी वाट बंद ठेवतात, तेव्हा एखादा दिवस हाताशी राखून ठेवा. चालायचं एकाच दिशेने, घळीच्या दुसऱ्या टोकाच्या आर्दालेसकडून एल चोर्रोकडे. दोन्ही टोकांच्या जोडवाटा धरून एकूण पावणेआठ किलोमीटर, त्यातली कड्यालगतची तीन किलोमीटरांच्या आतच. शेवटी झुलता पूल आहे, तो हलतो. परत सुरुवातीला यायला शटल बस असते.

क्लाइंबिंगचा दिवस वेगळा ठेवा. दोर आणि सामानाच्या मोठ्या पिशव्या घेऊन वाटेवर सोडत नाहीत आणि वाट सोडून कड्यावर जाता येत नाही. चढाईला ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा, उन्हाळ्यात भाजून निघाल. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर हात तयार झालेल्यांना तिथला चुनखडक सुरुवातीला परका वाटतो, पण कातळात बोल्ट मारून आखलेले चढाईचे मार्ग इतके आहेत की आठवडा कमी पडावा. दोर सत्तर मीटरचा न्या, आपला नेहमीचा पन्नासचा तिथे तोकडा पडतो. माकिनोद्रोमो या प्रसिद्ध भिंतीकडे रेल्वेच्या बोगद्यांतून चालत जायची जुनी सवय होती. त्याला मनाई आहे, दंडही होतो. रुळावरून चालणं हा आपला जन्मसिद्ध हक्क वाटणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

पण एवढंच सांगायला पत्र लिहिलं नसतं. परत आल्यावर पावसाळ्यात त्र्यंबकजवळच्या हरिहर गडावर गेलो आणि डोक्यात तेच सुरू राहिलं. हरिहरलाही कड्यालगतची वाट आहे, आणि ती कामिनितोपेक्षा कैक पटीने जुनी. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या सगळ्यांना माहीत आहेत. दरवाज्यातून आत गेलं की कड्याच्या पोटात खोदलेली आडवी वाट लागते. डोक्यावर कातळ इतका खाली की वाकून चालायचं, बाजूला दरी. पाठीवरची सॅक वर घासली की माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. तिथून पुढे पुन्हा पायऱ्या. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी हाताच्या खोबण्या आहेत, ज्याने त्या कोरल्या त्याला नमस्कार. पण या खोबण्या एका माणसाच्या हिशोबाच्या आहेत. वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आले, की कुणाला तरी खोबणीतला हात काढावा लागतो. जुलैतल्या रविवारी हे दिवसभर चालतं, ओल्या आणि शेवाळलेल्या दगडावर.

स्पेनने फळ्या नव्या घातल्या हे सगळ्यांना दिसतं. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरून कोणी येणार नाही, याची हमी दिली. हरिहरच्या कातळात भोकं पाडून रेलिंग ठोका असं मी मुळीच म्हणत नाही, कृपया तसा अर्थ कोणी काढू नये. हर्षेवाडी आणि निरगुडपाडा या दोन्ही वाटा पायऱ्यांखाली एकत्र येतात, त्यामुळे एकेरी वाटही शक्य नाही. पण घाटात एक बाजू बंद असली की दोन टोकांना माणसं उभी करून आलटून पालटून गाड्या सोडतात, तसं इथे करता येईल. एक माणूस पायऱ्यांच्या तळाशी, एक वरच्या दरवाज्यात, दोघांकडे वॉकीटॉकी. गावातल्याच मुलांना हे काम द्यावं, मानधन प्रवेश शुल्कातून. गर्दी हाताबाहेर गेली की गड बंद करायचा आणि ओरड कमी झाली की उघडायचा, यापेक्षा हे स्वस्त पडेल.

बसभर माणसं नेणाऱ्या ट्रेक आयोजकांनीही सरकारची वाट पाहायला नको. आपली माणसं पायऱ्यांवर सोडण्याआधी खाली थांबून उतरणाऱ्यांना वाट देणं, यासाठी कोणत्याही आदेशाची गरज नाही. आणि आपल्या पुरवणीत दर जूनमध्ये येणाऱ्या ‘पावसाळी भटकंती’च्या पानावर हरिहरचा फोटो असतोच. या वर्षी त्याच्या शेजारी शनिवार-रविवार टाळा, अशी एक ओळ ठळक अक्षरांत छापाल का?

आपला,
एक गिर्यारोहक वाचक, नाशिक