मानेतली गाठ आणि पुढचं सगळं

प्रिय दिलीप,

वहिनींचा फोन आला होता. जिभेच्या कॅन्सरचं माहीत होतंच, आता मानेतल्या गाठीची सुईची तपासणीही पॉझिटिव्ह आली म्हणाल्या. तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय.

मानेत गाठ आली म्हणजे सगळं संपलं, असं तू धरून बसलायस. तोंडाचा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींतच (लिम्फ नोड) जातो. त्याने धोका वाढतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण फुप्फुसात वगैरे गेलेला नसेल, तर डॉक्टर अजूनही तो बरा करायच्याच हिशेबाने उपचार आखतात. कागदावर चौथी स्टेज लिहिली असली तरीसुद्धा. त्यामुळे हाय खाऊ नकोस.

ऑपरेशनात जिभेचा भाग आणि मानेतल्या ग्रंथी एकदमच काढतात. 1906 साली क्राइल या सर्जननी मांडलेल्या पद्धतीत मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नसही काढून टाकायचे. आता आजार चिकटलेला नसेल तर हे सगळं शक्यतो वाचवतात. तरी खांदा धरतो. माझ्या ऑपरेशननंतर माझा हात कंगवा घेऊन डोक्यापर्यंत पोचत नसे, शर्ट घालायलाही कोणीतरी लागे. फिजिओथेरपीचा कंटाळा येतोच, तरी ती कर.

पुढचं ठरतं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर. त्यात दोन गोष्टी बघायला सांग: किती ग्रंथींत आजार सापडला, आणि ग्रंथीचं कवच फोडून तो बाहेर आलाय का. कवच फुटलं असेल किंवा कापलेल्या कडेला आजार उरला असेल, तर शेकाबरोबर, म्हणजे रेडिएशनबरोबर, केमोही देतात, बहुधा सिस्प्लॅटिन. युरोप आणि अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास 2004 मध्ये छापून आले, तेव्हापासून हे रूढ झालं. या औषधाने किडनीला आणि कानांना त्रास होऊ शकतो. कानात शिट्टी वाजायला लागली तर गप्प बसू नकोस.

शेक सुरू व्हायच्या आधी दात दाखव. किडलेला दात काढायचा तर तेव्हाच. नंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. मग प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तुझ्या चेहऱ्या-मानेवर बसवतील आणि रोज तीच टेबलाला अडकवतील. पहिल्या दिवशी जीव घुसमटतो. प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचाच, दुखत नाही. आठवड्यातून 5 दिवस, साधारण 6 आठवडे, एकूण 60 ते 66 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप).

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येईल. थुंकीसुद्धा गिळवणार नाही, चव जाईल, लाळ चिकट होईल. नाकातून नळी घालायची वेळ आली तर घालून घे, त्यात कमीपणा कसला? वजन उतरू द्यायचं नाही. आणि काही झालं तरी मध्ये शेक चुकवायचा नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी तेवढ्यात वाढतात आणि उपचाराचा जोर कमी होतो. या पत्रातलं एवढंच लक्षात ठेवलंस तरी पुरे. तंबाखूबद्दल बोलत नाही, वहिनी बोलल्याच असतील.

कोणीतरी येऊन सांगेल की अमक्याला घशाचा झाला होता, तो ऑपरेशन न करताच बरा झाला. होतात तसे. घशात बऱ्याचदा केमो आणि शेकावरच भागतं. मग साधारण 12 आठवड्यांनी पेट स्कॅन (आजार कुठे उरलाय ते दाखवणारा स्कॅन) करून मानेचं ऑपरेशन लागेल का ते ठरवतात. पण तुझी जागा जिभेची आहे. तिथे सहसा ऑपरेशन आधी.

तारीख ठरली की कळव. पहिल्या आठवड्यात रात्री तुझ्यापाशी मी थांबेन, वहिनींना झोप मिळू दे. आणि फोन घेत जा रे.

तुझा,
मधू